भोंगा आणि मॅनेजरचा शब्द

सूतगिरणीत तिला सगळे भोंगा म्हणत. सूत कातणाऱ्या चात्यांच्या खडखडाटातही ही बाई शेडच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला एका हाकेत वळवायची. वीस वर्षं कापसाची धूळ गिळली आणि गळा बसला तो बसलाच. आता भोंग्यातून नुसती कुजबुज निघे. टोपणनाव मात्र सुटलं नाही, ताठाही नाही. मोडीतला एक स्पीकर उचलून आणला, चारदा उघडला, पाचव्यांदा वाजवला, आणि तेव्हापासून फाटकावरच्या सभांचा आवाज तिच्याच हातात.

त्या दिवशी दोन्ही पाळ्या जमल्या. धूळ ओढणारे पंखे महिनाअखेर बसवतो म्हणणारा मॅनेजर आता म्हणत होता, मी असं बोललोच नाही. त्याचं बोलणं भोंग्याच्या सुनेच्या फोनमध्ये होतं. सुनेनं घाईघाईत फोनची वायर स्पीकरात खोचली. फोनचा आवाज पूर्ण, स्पीकरचाही पूर्ण. गिरणीतल्या माणसाची खोडच ती. जन्म यंत्रापुढे ओरडण्यात गेलेला, कमी करणं ठाऊकच नाही. स्पीकरातून पत्र्यावर खिळा ओढावा तशी खरखर आली.

मॅनेजरनं हसून विचारलं, हा माझा आवाज की डबा घासताय? मागे चार जण फिदीफिदी हसले. दोघी तर पिशव्या उचलून निघाल्या.

सून रडकुंडीला आली. "आत्याबाई, रेकॉर्डिंगच खराब आहे."

"त्याला काय धाड भरलीय? वायर माइकच्या भोकात घातलीस. तिथं कुजबुज चालते, किंकाळी नाही."

भोंग्यानं वायर उपसून शेजारच्या, फोनसाठीच्या भोकात घातली. फोनमधलं आवाज फुगवणारं सेटिंग बंद केलं, फोन पाऊण आवाजावर आणला. स्पीकर शून्यावर नेऊन बटण हळूहळू चढवलं, जरा खरखरलं की केसभर मागे. फाटकापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं: महिनाअखेर पंखे बसतील, माझा शब्द आहे. मधे मॅनेजरची ती घसा खाकरायची सवयसुद्धा.

आता कुणी हसलं नाही. मॅनेजर वायरीकडे झेपावला. भोंगा आडवी आली आणि काहीतरी बोलली. ऐकायला त्याला खाली वाकावं लागलं.

"हात मागे, साहेब. पंखे बसेपर्यंत हे रोज वाजणार."

निघालेल्या दोघींनी पिशव्या खाली ठेवल्या. भोंग्यानं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.