आक्काचा कांदा

आक्का गेल्याचा निरोप मला नंदुरबारला, मी शिकवतो त्या शाळेत मिळाला. प्रकाशा गावापाशी नावेतून तापी ओलांडून मी तिच्या सासरी, गोमाई नदीकाठच्या त्या गावी पोचलो, तेव्हा राखसुद्धा निवत आली होती. सख्ख्या भावासाठी थोडं थांबावं, असं कोणाला वाटलं नव्हतं. "लई चांगली व्हती बिचारी," तिचे दीर दगाजी आबा ओसरीवर मला म्हणाले. त्या 'बिचारी'चा मला तेव्हा जो राग आला, तो महिना उलटून गेला तरी उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांत मनानं लिहावं म्हणतात... माझं मन शांत नाही, आणि ते तसं आहे असं सोंगही मी करणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. ऐन उमेदीत विधवा झाली, पदरी मूल नाही. दिराच्या घरी विहिरीची बागायत होती, गुऱ्हाळ चालायचं. हिच्या वाट्याला आली ती मोरीमागची दोन खाटांएवढी जागा आणि घरानं अंघोळ करून सोडलेलं पाणी. त्यात ती कांदा करायची. बी आमच्या आईचं, लग्नात पदराला बांधून नेलेलं. आमच्या घरातलं ते पुढं एका दुष्काळात संपलं, हिच्याकडचं टिकलं. कांद्याचं बी एका वर्षापलीकडे नीट उगवत नाही, त्यामुळे एक हंगाम चुकला की सगळंच संपलं. आक्कानं तो कधी चुकवला नाही. तापानं फणफणलेली असतानाही भिंतीला धरून वाफ्यापर्यंत गेलेली मी तिला पाहिली आहे.

कार्तिकात ती बी टाकायची. पौषात रोप काडीएवढं जाड झालं की उपटून, शेंडे खुडून चार-चार बोटांच्या अंतरावर लावायची आणि उरलेल्या जुड्या गावभर वाटायची. बायका आधीच दारात येऊन बसत. "आजून कवळं शे वं माय, आठ दिन जाऊ द्या," म्हणून ती त्यांना परत पाठवी. उन्हाळ्यात निघालेला कांदा ती माळ्यावर पसरून ठेवायची. जो आधी कोंबला तो भाजीत जाई. दिवाळीपर्यंत जो टणक राहिला, तो बियाण्यासाठी पुन्हा मातीत. आबा ताटावर बसून हसत, "आमनी वहिनी सडका कांदा आमले खावाडस आन् चांगला मातीमा गाडी टाकस." इतकी वर्षं ती उलटून बोलली नाही, आणि याचा मला तिच्यावरही राग आहे.

ती गेली तेव्हा एका वाफ्यात बियाण्याच्या कांद्यांना फुलांचे दांडे येऊ लागले होते. शेजारच्या वाफ्यात कोवळं रोप होतं. तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी नदीवरून आलो, तर परसात गडी स्वयंपाकासाठी चर खणत होते. बियाण्याचा वाफा पुरता फाडून झाला होता. फावड्यानं चिरलेले कांदे बैलांपुढे पडले होते. मी ओरडलो तेव्हा आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "कांदा बजारमा बी भेटस, भाऊ. इतल्या मानसेस्ना सैपाक कोठे करू?" मी दुसऱ्या वाफ्याच्या बांधावर जाऊन बसलो. उठलोच नाही. मास्तर दुःखानं येडा झाला, असं गावात झालं. होऊ दे. चर वाकडा वळवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या चरावर वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी शिजली. तेराव्याच्या जेवणात कांदा चालत नाही. त्या घरानं माझ्या बहिणीला काय मान दिला, हे मला त्या दिवशी कळलं.

मागचं बी सगळं कार्तिकातच टाकून झालं होतं, रोप अजून उपटण्याजोगं नव्हतं, आणि मी राहतो ती माडीवरची भाड्याची खोली, तिथं तुळशीलाही जागा नाही. म्हणून निघताना आक्काच्या धाकट्या जावेला हात जोडून सांगितलं, "वहिनी, संक्रांतीनंतर एवढं लावून टाका. आता हेच उरलंय." त्या म्हणाल्या, "लावसू, भाऊ." गावात आक्काच्या मागच्या वर्षीच्या रोपाचे कांदे केव्हाच खाऊन संपले होते. या वर्षीची जुडी अजून कोणाला गेली नव्हती.

महिन्याच्या श्राद्धाला परत गेलो. ते आटोपलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी ताट वाढलं. कळण्याची भाकरी आणि बेसन पेरून केलेली कांद्याच्या पातीची भाजी. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "मेलेल मानूसना हातनं रोप घरमा लावो नही, आसं सासूबाईनी सांगं. फेकाले जीव नही व्हयना. मंग तुमनासाठे राखी ठेवं, भाऊ. घरमा कोनले हात लावू नही दिधा."

"परसात काही उरलंय का? एखादी काडी, मुळासकट?"

"नही, भाऊ. सकायमा समदं उपटी लिधं. तुमना ताटमा शे तितलंच."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे तर माझा संताप आणखीच वाढला. भांडायला समोर कोणी उरलंच नाही. ताटावरून उठलो असतो तर आक्काला आवडलं नसतं, असं अशा वेळी म्हणायची रीत आहे. खरं सांगतो, आक्काला काय आवडलं असतं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. मला उठायचंच होतं. पण मी उठलो असतो तर ती पात आबांच्या ताटात गेली असती. म्हणून मी बसलो आणि शेवटच्या काडीपर्यंत सगळी खाल्ली.