डावा हात, उजवा हात

फोन आला तेव्हा मी दंडाला मलम चोळत बसलो होतो. पलीकडून भाची प्राजक्ता म्हणाली, "मामा, आई गेली..." हार्टचा झटका आला होता. मलमाचे हात तसेच घेऊन मी पुलगावहून सिंदी मेघेला ताईच्या घरी पोचलो. घरभर माणसं होती, पण माझ्या वासानं कुणी नाक मुरडलं नाही.

सुजाताताई फार्मसी कॉलेजात शिकवायची. बाजारातल्या कुठल्याही ट्यूबनं गजकर्ण चार दिवस दबतं आणि मग दुप्पट पसरतं, याचा तिला भयंकर राग. म्हणून पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो, तो तरोटा, म्हणजे टाकळा, घेऊन ती मलम करायला बसली. प्रयोगाला घरचाच बकरा होता. दुकानात दिवसभर घामात उभा राहणारा मी, गजकर्ण माझ्या पाचवीलाच पुजलेलं. तिनं उजव्या दंडाला करंजाच्या तेलात केलेलं तरोट्याचं मलम दिलं आणि डाव्याला नुसतं करंजाचं तेल.

"डाव्यानं काय घोडं मारलं तुयं?"

"मंग तुलना कशाशी करू, बापा?"

दोन्ही हात एकदमच साफ झाले. मी पेढे घेऊन गेलो, तर बाईसाहेबांचं तोंड एवढुसं. गुण बहुधा तेलाचाच होता, तरोटा नुसता हजेरी लावून गेला असावा. मी म्हटलं, "बरा झालो न मी? वाट न मलम लोकाईले."

"कायनं बरा झाला थे मलेच मालूम नाई, लोकाईले काय सांगू?" पेढे मात्र तिनं खाल्ले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या पावसाळ्यात माझं गजकर्ण परत आलं, तेव्हा ताई इतकी खूश झाली, की मला पास झाल्यासारखं वाटलं. आता तेल बाद. दोन डब्या, अ आणि ब. एकीत तरोटा, दुसरीत नुसतं मेण, रंग-वास सारखाच. अ उजव्याला, ब डाव्याला.

"खरी कोन्ती?"

"सांगतलं त तू तिचीच तारीफ करशीन."

ती न सांगताच गेली. पुढे उजवा दंड साफ झाला, डावा तसाच राहिला... आणि हे जिला सांगायचं, तीच नव्हती. त्या दिवशी मी खूप रडलो.

परवा कॉलेजातल्या मॅडमनी डब्या तपासल्या. प्राजक्ताचा फोन आला, "मामा, अ मधेच तरोटा होता. आता डाव्यालेही तेच लावा."

एका माणसावरून काही ठरत नाही, असं ताईनं लगेच सुनावलं असतं. खरंच आहे, तिच्या विद्यार्थिनी आता आणखी माणसं शोधताहेत. मी अ ची डबी उघडली. पण ताईनं 'लाव' म्हटल्याशिवाय डाव्या हाताला खरं औषध लावायची मला सवय नाही. डबी बंद केली. डावा दंड खाजतो आहे. खाजू दे थोडे दिवस.