लाईनवर तिसरं माणूस

"आम्ही तुमचं काहीही ऐकत नाही" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. बावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत होते.

धुळ्यातल्या एका सूतगिरणीच्या ऑफिसात मी टेलिफोन बोर्डावर होते. बोर्ड म्हणजे कपाटाएवढं लाकडी धूड. त्यावर भोकांच्या रांगा आणि पुढ्यात दोऱ्या लावलेल्या पिना. बाहेरून फोन आला की एक पिन इथे, दुसरी तिथे खुपसायची आणि दोघांना जोडून द्यायचं. हाताशी एक छोटी दांडी असायची. ती ओढली की दोघांचं बोलणं आपल्या कानात. नियम असा की, बोलणं संपलं का ते बघायलाच ती ओढायची. आम्ही कशाला ओढायचो ते सांगायला नको. बोर्डावर दोन खुर्च्या होत्या, एक माझी आणि एक माझ्या मैत्रिणीची. दुपारी डबे उघडले की अर्ध्या गिरणीची लग्नं, भांडणं आणि दुखणी आम्हा दोघींना तोंडी लावायला असायची.

हे आधी सांगितलं, कारण गेल्या वर्षी माझ्या लेकीने मला विचारलं, "आई, आपण व्हीपीएन घेऊ या का?"

लेक तेव्हा नवऱ्याचं घर सोडून धुळ्याहून जळगावला माझ्याकडे आलेली. गिरणी बंद पडल्यापासून मी जळगावलाच आहे, आणि घरात आता आम्ही दोघीच. जावई हात उचलायचा नाही, पण पाळत ठेवायचा. कुठे गेलीस, कुणाशी बोललीस, एवढा वेळ काय बोललीस. इथे आल्यावर तिने पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. मुलाखत झाली, निवड झाली आणि दोन दिवसांनी नकार आला. तिथल्या एका भल्या बाईने तिला कारण सांगितलं. जावयाने कंपनीत फोन केला होता. ही माझी बायको, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, गोळ्या चालू आहेत, घरातून निघून गेलीय. माझी लेक दोन दिवस जेवली नाही. मला तर त्याचं नरडं दाबावंसं वाटत होतं. नोकरी नाही म्हणजे परत धुळं, हे आम्हा दोघींना दिसत होतं. भावकीतले लोक तर आताच विचारायला लागले होते, कधी पाठवताय म्हणून.

पण त्याला कळलं कसं? लेकीने नवा मेल आयडी उघडला, फोन बदलला. राहता राहिलं घरातलं वाय-फाय, आणि ते दोन वर्षांपूर्वी जावयानेच बसवून दिलेलं. भिंतीत खिळा त्याने ठोकला, पासवर्ड त्याने टाकला, आणि मी मूर्खासारखी त्याला भरीत-भाकरी वाढत होते. पासवर्ड बदलला तरी माझा संशय जाईना. तो डबा हिरवे दिवे मिचकावत माझ्याकडे बघतोय असं वाटायचं. शेवटी मी त्याच्यावर उशीचा अभ्रा घातला. लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी अभ्रा तसाच ठेवला.

दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत पुढच्या गुरुवारी ठरली होती, घरातूनच, लॅपटॉपवर. त्याआधी व्हीपीएन बसवायचं होतं. लेकीने मला समजावलं. आपण नेटवर काय करतो ते वाय-फायवाल्याला कळू शकतं. म्हणून मध्ये एक कंपनी घालायची. आपलं सगळं बंद पाकिटातून तिच्याकडे जातं आणि ती पुढे पोचवते. वाय-फायवाल्याला नुसतं पाकीट दिसतं.

"आणि ती कंपनी पाकीट उघडत नाही?"

"नाही, तसं लिहून देतात."

"मधे बसलेलं माणूस ऐकत नाही, हे तू मला सांगतेस होय? मला?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण त्या आठवड्यात मी एकेका कंपनीचा जो पिच्छा पुरवला, तो तिच्याने कधी झाला नसता. पहिलं एक फुकटातलं होतं. मी म्हटलं, फुकट पाणीही कुणी पाजत नाही, हा कशाला पाजतोय? बसवायला घेतलं तर ते आमच्या फोनमधले सगळे नंबर मागायला लागलं, मग फोटोही. "नंबर कशाला रे तुला मेल्या?" असं मी फोनलाच विचारलं. दुसरीकडे दहा व्हीपीएनची यादी होती, पहिला नंबर, दुसरा नंबर अशी. मी चष्मा लावून तळापर्यंत गेले, तर बारीक अक्षरात लिहिलेलं, इथून घेतलंत तर आम्हाला कमिशन मिळतं. म्हणजे दलाल! तिसऱ्याच्या पानावर घड्याळ पळत होतं, सवलत संपायला तेरा मिनिटं. लेक घाईला आली. मी लॅपटॉप मिटला. सकाळी उघडला तर पुन्हा तेरा मिनिटं. आमच्या बाजारात एका कापडवाल्याने "दुकान बंद करणे आहे" अशी पाटी नऊ वर्षं लावली होती, मला काय सांगतात.

आणखी एकाचं ऑफिस कुठल्याशा बेटावर. लेकीने नकाशात ते शोधून दाखवलं, माशी बसली तर झाकून जाईल एवढं. मी म्हटलं, भांडायला जायचं म्हटलं तर तिथे एसटी जाते का?

आता आमच्याकडे स्थळ बघायचं असो की म्हैस घ्यायची असो, चार ठिकाणी बाहेरून चौकशी केल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकत नाही. समोरचा आपल्याबद्दल गोडच बोलणार, खरं कळतं ते बाहेरून. तशी मी चौकशीला निघाले. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला कशाला पाहिजे?" मला त्याचाच संशय आला. कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारलं. ते भले गृहस्थ, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ऐकत नाही म्हणणाऱ्यावर जाऊ नका. नोंदी ठेवतच नाही, असं ज्याचं बाहेरच्या माणसांनी तपासून पाहिलंय, ते घ्या. ज्याच्याकडे काही नसतंच, त्याला कुणी दरडावून विचारलं तरी तो काय सांगणार?" अशी दोन नावं त्यांनी कागदावर लिहून दिली. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, असं माणूस जगात नसतं. सरांचा मात्र मला संशय आला नाही, कारण त्यांनी मला काही विकलं नाही.

आणि धुळ्याला मैत्रिणीला फोन केला. बोर्डावरची दुसरी खुर्ची. तिचा भाचा कॉम्प्युटरमधला, त्याला विचारून सांग म्हटलं. ती धुळ्याच्या देवपुरात राहते. माझ्या लेकीला ते स्थळही तिनेच सुचवलेलं, व्याह्यांचं घर तिच्या गल्लीतच आहे. पण म्हणून तिच्यावर कोण संशय घेईल? चाळीस वर्षांची मैत्री.

"कसाले पाहिजे वं तुले?" तिने विचारलं.

"असंच. पण गुरुवारना आत पाहिजे," मी म्हटलं. "आणि कोनले बोलू नको."

"मी कोनले सांगत नही, तुले माहीत शे ना."

दोन दिवसांनी तिने भाच्याने सांगितलेलं नाव कळवलं. सरांनी सांगितलेल्या दोन नावांत तेच एक होतं. घेतलं. मंगळवारी संध्याकाळी लेकीने ते बसवलं, पडद्यावर हिरवं कुलूप आलं, आणि मी पहिल्यांदा त्या डब्यावरचा अभ्रा काढला.

बुधवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना माझा फोन वाजला. जावई. आवाज अगदी मधाळ.

"नमस्कार आई. तब्येत बरी ना? व्हीपीएन घेताय म्हणे. फुकटातलं नका घेऊ बरं का, धोका असतो. चांगलं घ्या." मग जरा हसला. "आणि गुरुवारसाठी तिला माझ्याकडून शुभेच्छा सांगा."

मी फोन ठेवला. पहिला संशय डब्यावर, दुसरा मोबाईलवाल्यावर, तिसरा, देव मला क्षमा करो, त्या बिचाऱ्या सरांवर. मग मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि शांतपणे मोजायला लागले. मोबाईलवाल्यासमोर गुरुवार हा शब्द मी काढला नव्हता. सरांसमोर नाही. तो मी एकाच ठिकाणी बोलले होते.

आणि तेव्हा मला गिरणीतली टायपिस्ट आठवली. अशक्त, अबोल, दोन वेण्या घालणारी मुलगी. तिला नाशिकच्या एका कारखान्यातून फोन यायचे. मी दांडी ओढली आणि ऐकलं की तिला तिथे नोकरी मिळते आहे, पण महिनाभर थांबावं लागेल. घरात तिची एकटीचीच कमाई. जेवणाच्या सुट्टीत मी मैत्रिणीला सांगितलं, कुणाला बोलू नको म्हणून. संध्याकाळी ते शेठच्या केबिनपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घरी पाठवलं, आणि नाशिकवाल्यांनाही शेठने काय कळवलं कोण जाणे, तिथलंही फिसकटलं. जाताना ती बोर्डापाशी आली आणि माझाच हात धरून रडली. म्हणाली, "ताई, मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढी वर्षं मी मैत्रिणीलाच दोष देत आले, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून. हे माहीत असून मी पुन्हा तिलाच फोन केला होता.

मग आणखी एक आठवलं आणि मी खालीच बसले. पहिल्या वेळी, निवड झाली त्या दिवशी, आनंद मावेना म्हणून मी धुळ्याला फोन केला होता. कंपनीच्या नावासकट.

लेक केस पुसत बाहेर आली, तेव्हा मी फरशीवर बसलेली. वाटलं, गप्प बसावं. डब्यावर ढकलावं, तो डबा काय उलट बोलणार आहे? पण टायपिस्टच्या वेळी मी गप्प बसले होते. मी सगळं सांगितलं. जावयाचा फोन, मैत्रीण, पहिली वेळ, आणि ती दोन वेण्यांची मुलगीही.

तिने ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "दोन्ही वेळा मावशीलाच?"

"हो."

"आणि मी इकडे भिंतीवरच्या डब्याला घाबरत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. ती आत गेली, कंपनीला कळवून गुरुवारची मुलाखत तिने पुढे ढकलली. कधीवर, ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बघू." जेवताना मला भाजी वाढली, भाकरी वाढली आणि स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी ती म्हणाली, मुक्ताईनगरला दर्शनाला जाऊन येते. मी म्हटलं, मी पण येते. तर नको म्हणाली, ऊन फार आहे. संध्याकाळी प्रसाद घेऊन आली, माझ्या हातावर ठेवला. लॅपटॉपची बॅग खांद्याला होती. दर्शनाला लॅपटॉप कशाला, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी प्रसाद तोंडात टाकला आणि गप्प राहिले. गप्प राहणं एवढं जड असतं हे मला या वयात कळलं.

वीसेक दिवसांनी तिने बॅग भरायला घेतली. नोकरी लागली होती. मी तिला जवळ घेऊन रडले, तीही रडली. मी सोबत खायला मेथीच्या पुऱ्या दिल्या. बसस्टँडवर गाडीला वेळ होता. कुठलं गाव, कुठली कंपनी, राहणार कुठे, सगळं विचारावंसं वाटत होतं.

"आई," तीच म्हणाली, "रोज फोन करीन. पण कुठे आहे ते आत्ता नाही सांगणार. रागावू नको."

"नको सांगू," मी म्हटलं. राग आला नव्हता असं नाही. आला होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आला होता, पण कुणावर काढायचा? गाडी लागायच्या आधीच तिने मला रिक्षात बसवून घरी धाडलं. मी गाडीवरची पाटी वाचू नये म्हणून.

चार दिवसांनी धुळ्याहून फोन आला. मैत्रीण. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "काय वं, तुनी पोर दिसत नही म्हने जळगावले. कोठे शे ती?"

"माले माहीत नही," मी म्हटलं.

"ओ माय वं! मालेबी सांगाव नही का तू?"

"तिनी मालेच सांगेल नही."

 ती हसली, चल, खोटारडी म्हणाली, आणि फोन ठेवला. बोर्डावर असताना मी हजारदा 'मला काही माहीत नाही' म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. या वेळी ते खरं होतं.