कडूबाईची हाळी

जामखेडच्या अंगाला एक लहानशी वाडी होती. तिथं ज्वारी हुरड्यात आली की माणसं कडूबाईला शोधत यायची. मचाणावर उभं राहून तिनं गोफण फिरवली की पाखरं तर उडायचीच, पण शेजारच्या वावरातला राखणदारही मान खाली घालायचा. आणि हाळी काय होती बाईची! ‘हाऽ हाऽ हुर्र्या’ म्हणून ओरडली की अख्ख्या वाडीला कळायचं, कडूबाई कामावर आली. चाळीस सुग्या तिनं पाखरांशी वैर करण्यात काढल्या.

बहात्तर साली पेरलेलं उगवलंच नाही. राखायला काही उरलं नाही, तेव्हा ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घरी नवरा सूर्यभान एकटा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं, डावी बाजू गेली ती गेलीच. थंडीचे दिवस. सकाळी ती त्याची बाज अंगणातल्या बाभळीखाली उन्हात ओढायची, अंगावर काळी घोंगडी घालायची, उशाशी रेशनच्या तांबड्या ज्वारीची, मिलोची दीड भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवायची. संध्याकाळी येऊन बघावं तर ताटली स्वच्छ. धनी पोटभर जेवतोय, म्हणून तिला बरं वाटायचं. पण माणूस मात्र दिवसेंदिवस वाळत चालला होता.

एका दुपारी मुकादमानं लवकर सोडलं. कुडाशी येते तो काय, बाभळीला फुटक्या मडक्याचं खापर टांगलेलं. शेजारच्या मुक्ताबाईकडून सूर्यभान ते रोज कडूबाई गेल्यावर हाताला येईल असं बांधून घ्यायचा आणि ती यायच्या आत सोडायला लावायचा. खापरात भाकरीचा चुरा, त्यावर होले, साळुंक्या, चिमण्या. एक चिमणी तर बाजेच्या काठावरच बसलेली. आणि सूर्यभान गालातल्या गालात हसत होता. ते हसू तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

कडूबाईचं मस्तकच फिरलं.

“आवो, मी दगडं फोडून आनते ते ह्यांच्यासाठी व्हय?”

“अगं, जनमभर तू त्यांच्या तोंडचा घास काढलास. चार घास मी दिले तर काय बिघाडलं? दिसभर माझ्याकडं कोन येतं? हीच येत्यात.”

“आन् तुमी उपाशी मरताल, त्याचं काय?”

तिनं खुंटीवरची गोफण काढली. एकाच दगडात खापराचे तुकडे झाले. मग सगळा जीव लावून तिनं हाळी दिली. अंगण रिकामं झालं.

“नेम चुकला न्हाई तुजा,” सूर्यभान एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला स्वतःच्या हातानं भरवूनच कामावर जायची. तोही मुकाट जेवायचा, काही म्हणून कुरकुर नाही. दिवसभर मोकळ्या फांदीकडे बघत पडायचा. पाखरं पुन्हा फिरकली नाहीत. विसाव्या दिवशी घास तोंडात असतानाच तो गेला. उपाशी मरू द्यायचं नाही म्हणाली होती, तसं तिनं त्याला उपाशी मरू दिलं नाही.

तेरावा झाल्यावर तिनं बाभळीला मातीचं नवं पसरट परळ बांधलं, आपल्या भाकरीतली अर्धी त्यात कुस्करली. पाखरं समोरच्या कुडावर यायची, हिला बघायची आणि भुर्रकन जायची. कशी येतील? तिला ती चांगलीच ओळखत होती. तीन दिवस चुरा तसाच वाळला. “आता तरी या गं बायांनो,” म्हणून तिनं हातसुद्धा जोडले.

चौथ्या दिवशी कडूबाई कामावर गेली नाही. बाज बाभळीखाली ओढली, त्याची घोंगडी डोक्यावरून घेतली आणि तो पडायचा तशीच उजव्या कुशीवर पडून राहिली. घोंगडीला अजून त्याचा वास होता. ऊन डोक्यावर आलं, तरी ती हलली नाही.

मग फांदीवर एक चिमणी उतरली. परळात गेली, दोन कण टिपले आणि थेट बाजेच्या काठावर, तिच्या तोंडासमोर येऊन बसली. मान वाकडी करून घोंगडीकडे बघू लागली.

 तो गेल्यापासून कडूबाई रडली नव्हती. आता मात्र असं भडभडून आलं की वाडीभर ऐकू गेलं असतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि श्वास धरून पडून राहिली. चिमणी अजून बसली होती.