शिवणीचा गेणभाऊ

देवाची भांडी घासताना समई झाली होती, ताम्हण निम्मं काळंच होतं, तेवढ्यात इंद्रायणीला पडवीत बाईमाणसाचा आवाज आला. चिंचेनं भरलेले हात तसेच घेऊन ती दारात आली. डिंभ्याच्या वरच्या वाडीतली साळुबाई आली होती.

साळुबाईचा नवरा गेणभाऊ गेल्या साली वारला. चार दिवसांवर वर्षश्राद्ध आलेलं आणि घरात त्याचा धड फोटो नाही. आधार कार्डावरचा तेवढा होता. तो बघून साळुबाईच म्हणायची, ह्यो बाबा कोण, मला ठाऊक न्हाई. म्हणून तिनं इंद्रायणीच्या नवऱ्याला, घोडेगावच्या हौशीराम सुताराला, गेणभाऊ लाकडात करायला सांगितला होता.

हौशीरामचं आयुष्य औतं आणि बैलगाड्या करण्यात गेलं. ट्रॅक्टर आले, दारं-खिडक्याही तयार मिळायला लागल्या, तसा तो उरलेल्या तुकड्यांतून माणसं काढू लागला. वीतभर उंचीची, ना नाक ना डोळे, हात दोन्ही बाजूंना अंगाला चिकटलेले. मान, खांदे आणि उभं राहण्याचा डौल, बस्स. येणारे-जाणारे चेष्टा करत, मिस्त्री, तोंड करायचं राहिलं का? तो म्हणे, तोंडात काय हाय, उभं ऱ्हायची तऱ्हा ज्याची त्याची.

इंद्रायणीला याचं नवल वाटे. देवघरातल्या शेंदरी तांदळ्याला तरी कुठं नाकडोळे आहेत? तरी त्या दगडाशी ती रोज बोलतेच. पण देवाचं वेगळं. माणसाची ओळख अंगात नेमकी कुठं बसते?

आज ते कळणार होतं. साळुबाईला ओळख पटली नाही, तर हत्यारं गुंडाळून माळ्यावर टाकीन, असं हौशीराम सकाळी चहा पिताना बोलला होता.

त्यानं शिवणीच्या लाकडाचा गेणभाऊ पाटावर ठेवला. चाळीस वर्षं हिरड्याची पोती घोडेगावच्या बाजारला वाहून गेणभाऊचा एक खांदा उतरला होता. तो उतार लाकडात आला होता.

साळुबाई बराच वेळ बघत राहिली.

"खांदा चुकला, भाऊ. ह्यांचा उजवा उतरलेला व्हता."

हौशीरामनं उजवाच केला होता, पण स्वतःच्या उजव्या हाताला. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा आपल्या डाव्या अंगाला येतो, हे जन्मभर चौकटी बसवणाऱ्याच्या ध्यानातून सुटलं होतं. तो गेणभाऊला उचलायला वाकला.

"थांबा जरा," इंद्रायणी म्हणाली. "तोंडच न्हाई, मग हे आपल्याकडं येत्यात कशावरनं? जात असतील की पुढं."

साळुबाईनं पुन्हा पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जात्यातच," ती म्हणाली. "डोंगर उतरताना ह्यांच्या खांद्यावर पोतं, माझ्या डोक्यावर पाटी. तोंड कुठं दिसायचं बाई? जन्मभर पाठच बघत आले मी. हेच हायेत."

श्राद्धाला त्यांना दाराकडं तोंड करूनच ठेवीन, म्हणाली. सगळे पाव्हणे मागं बसतील. मग तिनं गेणभाऊला धडप्यात गुंडाळलं आणि काखेत घेतलं.

इंद्रायणी ताम्हणाकडं वळली. हौशीरामनं पायात चपला सरकवल्या. साळुबाईला एसटीत बसवून त्याला मंचरला जायचं होतं, लाकूड घासायची नवी कानस आणायला.