बांबूवरचा शर्ट

गोष्टवाल्या काकू एका जागी बसून बोलताना मला आठवतच नाहीत. सिंगापुरात, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकखाली, मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये, खांबाभोवती फेऱ्या मारत त्या मुलांना आपली नवी गोष्ट ऐकवायच्या. मुलांच्या माना वळून वळून दुखायच्या. इथे पास झालेलीच गोष्ट पुढे छापायला जायची. "मोठी माणसं उगाच छान म्हणतात गं," त्या मला सांगायच्या.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. पुस्तकं लिहिणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जादू म्हणजे पऱ्या आणि राजवाडे, असं मला वाटायचं. काकूंची जादू लिफ्टमध्ये असायची, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ट्रेमध्ये असायची. "बाकी सगळं अगदी खरं पाहिजे, मग एक खोटं खपतं," म्हणत त्या बटणं निरखत लिफ्टने वर-खाली करायच्या.

शेजारच्या छोट्या अन्वीचे बाबा जहाजावर इंजिनिअर. काकूंनी गोष्ट रचली: खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेल्या शर्टात वारा भरला, की बाबा घरी यायला निघाले. अन्वीने त्याच दिवशी बाबांचा शर्ट बांबूवर लावला. पावसात भिजला तरी काढू देईना. जेवणसुद्धा खिडकीशीच.

शेवटी तिची आई खाली आली. "काकू, कंपनीने यांना अजून थांबवून घेतलंय. हिला आता काय सांगू?"

काकूंच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या. काकांची नोकरी संपली होती, इथे राहायचा पास संपत आला होता, घरभर खोकी पडली होती. सामान बांधता बांधता त्या मध्येच उठायच्या आणि खिडकीतून तो शर्ट बघायच्या.

"मग ती गोष्ट टाकून द्या ना," मी चाचरत म्हटलं.

"मी टाकेन गं. अन्वी कशी टाकेल?"

निघायच्या दिवशी टॅक्सी उभी असताना त्या अन्वीचा हात धरून खांबाभोवती फिरू लागल्या. "अन्वी, गोष्टीत माझं चुकलं. बाबा कधी येणार, ते शर्टाला कळत नाही."

"देन शर्टाला काय कळतं, आंटी?"

काकू पहिल्यांदाच थांबल्या. "बाबांचे हात केवढे लांब आहेत, ते."

"ओन्ली दॅट?"

"तेवढंच."

काका टॅक्सीतून हाका मारत होते. काकू दारापर्यंत गेल्या, परत आल्या, अन्वीच्या केसांवरून हात फिरवला आणि मग गेल्या.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. शेजारच्या खिडकीतून अन्वीचा आवाज आला, "मम्मा, शर्ट आत घे. भिजेल."