सिग्नलला दिसण्याची जागा

इथे आखातात, गाला भागातल्या गोदामांच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना एक सिग्नल आहे. दुपारी एक ते चार सगळं बंद असतं, गल्लीत चिटपाखरू नसतं. अशा वेळी मोटरसायकल घेऊन एकटा माणूस तिथे उभा राहिला की तो सिग्नल लालच राहतो. कार आली की लगेच हिरवा होतो. म्हणजे मोटरसायकलवाल्याने मागून कुणाची तरी कार येईपर्यंत उन्हात शिजायचं, नाहीतर सिग्नल तोडायचा.

मी त्याच गल्लीतल्या एका कंपनीत डिस्पॅच सांभाळते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग गॅरेजांना पोहोचवतो, आणि छोटे भाग मोटरसायकलवरून जातात. कोणता भाग, कुठलं गॅरेज, कोण नेणार, किती वाजता परत, हे सगळं माझ्या फळ्यावर असतं. सीब गावातल्या गॅरेजात लिफ्टवर चढवलेली गाडी एका पट्ट्यासाठी अडली की तिथला मिस्त्री दर पाच मिनिटांनी फोन करतो. तो फोन मी घेते आणि मग रायडरला करते. रायडर लाल सिग्नलवर उभा असला तरी करते.

आमच्या रायडरांमध्ये वयाने सर्वांत मोठे चाचा. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, पन्नाशीला टेकलेले. त्यांचा तो सिग्नल दोनदा तुटला होता. मॅनेजरसाहेबांनी भिंतीवर कागद लावला होता: तिसऱ्यांदा तुटला तर व्हिसा कॅन्सल. मॅनेजर पुण्याकडचे. चाचांशी मराठीत बोलत, पण कागद इंग्रजीत लावत.

आणि तिसऱ्यांदा तुटला. कॅमेऱ्याने फोटो काढला, मेसेज कंपनीच्या फोनवर आला.

चाचा म्हणाले, सिग्नल होतच नाही, करायचं काय. बाकीचे रायडर हसले. एकाने सल्ला दिला, "चाचा, जरा जेवत जा. वजन वाढलं की सिग्नलला दिसाल." दुसरा म्हणाला, बायकोलाही दिसत नाहीत, सिग्नलचं काय घेऊन बसलास. खरं म्हणजे सगळेच तो सिग्नल तोडत. पकडले गेले नव्हते एवढंच. प्रत्येकाचा आपला उपाय होता. कुणी साइड स्टँड खाली टाकायचा, कुणी इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचा. एकाने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक इंजिनखाली बांधलं होतं. कशानेच काही होत नव्हतं, पण चाचांना हसायला सगळे एक होते.

मॅनेजर म्हणाले, सिग्नलचा दोष आहे असं दाखवा, तर मी अर्बाबशी, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाशी, बोलतो. आठवड्याची मुदत दिली. चाचांच्या वयाच्या माणसाला रायडर म्हणून नवा व्हिसा कुणी देत नाही. इथून गेले की गेले. हे चाचांना माहीत होतं, मॅनेजरना माहीत होतं आणि मलाही.

पुरावा गोळा करायचं काम मी घेतलं. चाचांना मोबाइलवर गाणी लावण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि बाकी कुणी पुढे आलं नाही.

शुक्रवारी घरी बसून वाचलं. सिग्नलजवळ रस्ता कापून डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर धातूची मोठी वस्तू आली की त्या तारेला कळतं आणि सिग्नल बदलतो. कार मोठी, ती चुकत नाही. मोटरसायकल चौकोनाच्या मधोमध थांबली तर बऱ्याचदा कळत नाही. तारेच्या अगदी वर, कापलेल्या रेषेवर चाकं ठेवून थांबलं तर कळतं.

शनिवारी दुपारी सुट्टीच्या वेळात मी कार घेऊन गेले, चाचांना मोटरसायकलवर बोलावलं. रस्त्यावर चौकोन स्पष्ट होता, काळ्या डांबराने भरलेल्या बारीक रेषा. चाचा नेहमी कुठे थांबतात ते दाखवायला सांगितलं. ते चौकोनाच्याही मागे थांबले. तिथे जाहिरातीच्या मोठ्या फलकाची सावली पडत होती. आमचे सगळेच रायडर तिथे थांबायचे. त्या उन्हात सावलीचा एवढा तुकडा दिसल्यावर दुसरीकडे कोण थांबेल? सावलीत उभं राहून ते सिग्नलची वाट बघायचे आणि सिग्नलच्या लेखी रस्ता रिकामा असायचा.

मी फोनवर शूटिंग केलं. आधी चाचा सावलीत: लाल, लाल, लालच. मग माझी कार चौकोनावर: लगेच हिरवा. मग चाचांना डाव्या रेषेवर चाकं ठेवायला सांगितली, भर उन्हात. थोड्या वेळात हिरवा झाला. चाचा पुढे गेले, वळून आले, पुन्हा त्याच जागी थांबले, पुन्हा हिरवा. हेल्मेट काढून हसले. म्हणाले, इतकी वर्षं याला सलाम करायचा राहिला होता.

तीनही तुकडे एकत्र जोडले, प्रत्येकावर काय चाललंय ते लिहिलं. अर्धवट काम मला करता येत नाही.

मॅनेजरनी केबिनमध्ये व्हिडिओ पाहिला. चाचा दाराशी उभे होते. पहिला तुकडा बघताना मॅनेजर मान हलवत होते. तिसऱ्या तुकड्यावर त्यांनी फोन थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला.

"म्हणजे सिग्नल चालतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरोबर जागी थांबलं तर चालतो, पण ती जागा कोणती हे यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे तशी पाटीही नाही.

"मॅडम, मी काय म्हटलं होतं? सिग्नलचा दोष दाखवा. तुम्ही तर उलटं दाखवलंत. हा माणूस सावलीत आरामात उभा राहतो, कंटाळा आला की तोडतो. आता अर्बाबला मी काय सांगू? की ऊन लागत होतं?"

"सर, बाकीचेही तिथेच थांबतात."

"बाकीच्यांचे फोटो आलेत का?"

मी सांगितलं, पहिले दोन तुकडे पुरेसे आहेत, तेवढेच पाठवा. ते म्हणाले, आता मी तिसरा बघितलाय. मग चाचांकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "चाचा, खलास. तिकीट आम्ही काढतो." आणि मला म्हणाले, तो शेवटचा तुकडा ग्रुपवर टाका. यापुढे कुणाला सबब उरता कामा नये.

मी टाकला. रायडरांना तो हवाच होता, माल पोहोचवायच्या मुदती त्यांनाही होत्या. दुसऱ्याच दुपारपासून सगळे रेषेवर थांबू लागले. माझे फोन कमी झाले. वजनाचा सल्ला देणाऱ्याने ग्रुपवर लिहिलं, "चाचा, शेवटी दिसलात." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या ग्रुपवर चाचाही होते.

जायच्या आदल्या दिवशी ते हेल्मेट, जॅकेट आणि किल्ली जमा करायला आले. मी एकेक वस्तू बघून घेतली. ते गेले नाहीत, टेबलाशी उभे राहिले.

"ताई, तो तिसरा जोडलाच नसता तर?"

"तर तुम्ही राहिला असतात," मी म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आणि पुढच्या महिन्यात दुसरा कुणी गेला असता."

"दुसरा," ते म्हणाले. नुसता शब्द उच्चारून बघितल्यासारखे. मग म्हणाले, "मला दुसरा चालला असता, ताई."

तेवढ्यात सीबहून मिस्त्रीचा फोन आला, पट्टा अजून कसा पोहोचला नाही म्हणून. चाचांच्या जागी घेतलेला माणूस बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला आत बोलावलं. चाचांनीच हेल्मेट उचलून त्याच्या हातात दिलं आणि आतला पट्टा जरा सैल करून घ्यायला सांगितलं. मी त्याला पत्ता समजावला, सिग्नलवर कुठे थांबायचं ते फोनवर दाखवलं. त्याने व्हिडिओ बघितला, मग समोर उभ्या माणसाकडे बघितलं, आणि मला विचारलं, हेच का ते?

मी हो म्हटलं आणि त्याला निघायला सांगितलं.